ब्रिटनमध्ये नवीन आलात? वीज-गॅसचा स्टँडिंग चार्ज आधी समजून घ्या

आम्ही इथे आलो त्या पहिल्याच वर्षी दिवाळीला पुण्याला गेलो. पाच आठवडे घर बंद होतं. फ्रिज रिकामा करून त्याचा स्विचसुद्धा काढला होता. परत आलो तर त्या काळाचंही बिल आलेलं, वीज आणि गॅस दोन्हींचं. मीटर जवळजवळ जागचा हलला नव्हता. मला वाटलं चूक झाली असणार, म्हणून फोन केला. चूक नव्हती. पस्तीस दिवसांचा स्टँडिंग चार्ज होता. त्यानंतर ओळखीत कुणी नवीन आलं की वीजबिलाची गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण पहिल्या वर्षी पैशाचं गणित आधीच ओढाताणीचं असतं.

महावितरणचं बिल डोळ्यांसमोर आणा. त्यात ‘स्थिर आकार’ नावाची ओळ असते, तुम्ही वीज वापरा किंवा नका वापरू. स्टँडिंग चार्ज म्हणजे तेच. फरक इतकाच की तिकडे तो महिन्याला लागतो आणि इथे दिवसाला, शिवाय विजेचा वेगळा आणि गॅसचा वेगळा. गावी सिलिंडर संपेपर्यंत गॅसचा काही खर्च नसतो. इथे पाइप गॅसचा मीटर घरात आहे एवढ्यावरच रोजचे पैसे सुरू होतात.

किती? ऑक्टोबर ते डिसेंबर 2024 या तिमाहीत डायरेक्ट डेबिटने (बँक खात्यातून आपोआप) पैसे भरणाऱ्यांसाठी ऑफजेमने, म्हणजे इथल्या वीज-गॅसच्या सरकारी नियामकाने, ठरवलेली सरासरी मर्यादा अशी होती: वीज 24.50 पेन्स युनिट आणि दिवसाला 60.99 पेन्स, गॅस 6.24 पेन्स युनिट आणि दिवसाला 31.66 पेन्स. युनिट म्हणजे आपलंच, एक किलोवॅट-तास. स्टँडिंग चार्जची बेरीज दिवसाला 92.65 पेन्स होते, म्हणजे वर्षाला साधारण 338 पौंड. एकही दिवा न लावता. आमच्यासारखं पाच आठवडे घर बंद ठेवलं तर या दराने 32 पौंड जातात. दर तिमाहीला बदलतात, तेव्हा आजचे आकडे बघून घ्या, हिशेबाची रीत मात्र हीच राहील. (थंडीत भारतात जाणार असाल तर पैसे वाचवायला बॉयलर (घर आणि पाणी गरम करणारं यंत्र) पूर्ण बंद करून जाऊ नका. पाइप गोठून फुटले तर त्याचा खर्च कितीतरी जास्त.)

हे पैसे जातात कुठे? तारा, पाइप आणि खांब यांची देखभाल, मीटर, पुरवठादार कंपनीचा कारभार आणि काही सरकारी योजनांचा खर्च यात असतो. 2021 मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले आणि बऱ्याच लहान पुरवठादार कंपन्या बुडाल्या. त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवण्याचा खर्चही सगळ्यांच्या स्टँडिंग चार्जवर पडला. वितरण जाळ्याचा खर्च वसूल करण्याची पद्धतही त्याच सुमारास बदलली. म्हणून एप्रिल 2022 मध्ये विजेचा सरासरी स्टँडिंग चार्ज 25 पेन्सवरून एकदम 45 पेन्सवर गेला. त्या वेळी माझ्या शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी हीटर बंद ठेवून बसत आणि तरी बिल का वाढतंय हे त्यांना कळत नव्हतं. मला आजही वाटतं, कमी वापरणाऱ्यावर हा भार फार अन्यायाने पडतो.

तो कसा पडतो ते नीट बघा, कारण आपली सवय इथे उलटी पडते. महाराष्ट्रात वापर वाढला की वरच्या टप्प्याचा महाग दर लागतो, म्हणून कमी वापरणाऱ्याला युनिट स्वस्त. इथल्या साध्या टॅरिफमध्ये (दरयोजनेत) पहिल्या युनिटपासून शेवटच्या युनिटपर्यंत दर एकच असतो आणि वर स्टँडिंग चार्ज. वरच्याच दराने वर्षाला 1800 युनिट वीज वापरणाऱ्या जोडप्याला एक युनिट प्रत्यक्षात जवळजवळ 37 पेन्सला पडतं. 3500 युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला तेच 31 पेन्सच्या आत मिळतं.

आता फिक्सकडे, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दर बांधून घेतलेल्या टॅरिफकडे येऊ. कंपनी निवडून काही ठरवलं नाही तर तुम्ही तिच्या नेहमीच्या बदलत्या टॅरिफवर असता. त्याला ऑफजेमची प्राइस कॅप (वर सांगितलेली दरांची मर्यादा) लागू होते आणि ती जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये बदलते. बातम्यांत वर्षाचा जो आकडा सांगतात (वरच्या तिमाहीला तो 1717 पौंड होता) तो बिलाचा कमाल आकडा नव्हे. ठरावीक वापर असलेल्या घराचा तो अंदाज आहे; त्या वेळी वर्षाला 2700 युनिट वीज आणि 11500 युनिट गॅस धरला होता. कॅप असते ती युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर. जास्त वापरलंत तर जास्तच भराल.

फिक्स घेतलात की युनिटचा दर आणि स्टँडिंग चार्ज हे दोन्ही ठरलेल्या मुदतीपुरते, बहुधा 12 किंवा 24 महिने, गोठतात. बिल गोठत नाही. नवीन आलेल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण डायरेक्ट डेबिटने दर महिन्याला सारखीच रक्कम जाते आणि वाटतं की तेवढंच बिल. ती रक्कम म्हणजे वर्षभराच्या अंदाजाचा बारावा भाग. उन्हाळ्यात जास्तीचे पैसे खात्यात साठतात आणि हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की संपतात. अंदाज चुकला तर कंपनी रक्कम वाढवते, फिक्स असला तरी. म्हणून स्मार्ट मीटर नसेल तर महिन्याच्या महिन्याला रीडिंग पाठवत जा.

दुसरी गोष्ट: फिक्सला प्राइस कॅप लागू नसते. त्यामुळे एखाद्या फिक्समध्ये युनिट स्वस्त आणि स्टँडिंग चार्ज भरमसाट असू शकतो, किंवा उलटही. समजा एका फिक्सला युनिट 23 पेन्स आणि दिवसाला 65 पेन्स आहेत, दुसऱ्याला युनिट 26 आणि दिवसाला 45. स्टँडिंग चार्जमधला 20 पेन्सांचा फरक वर्षाला 73 पौंड होतो. युनिटमागे 3 पेन्सांचा फरक तेवढा भरून निघायला सुमारे 2430 युनिट लागतात. वर्षाला 1800 युनिट वापरणाऱ्याला दुसरा फिक्स 19 पौंडांनी स्वस्त. 3500 वापरणाऱ्याला पहिला 32 पौंडांनी स्वस्त. म्हणजे ऑफिसातल्या मित्राला जो फिक्स छान पडला तो तुमच्या एका बेडरूमच्या फ्लॅटला छान पडेलच असं नाही. त्यात स्टँडिंग चार्ज गावागणिक बदलतो. विजेच्या वितरणाचे 14 विभाग आहेत आणि लंडनचा चार्ज उत्तर वेल्स-लिव्हरपूल भागापेक्षा बराच कमी असतो. तुलना करायची तर स्वतःचा पोस्टकोड आणि स्वतःचे वर्षाचे युनिट टाकूनच करा. नावात ‘ट्रॅकर’ असेल तर तो फिक्स नाही, दर वरखाली होणार.

घरात हीटिंग विजेवर आणि फक्त शेगडी गॅसवर असेल, तर वरच्या दराने त्या गॅस मीटरचे वर्षाला 115 पौंड नुसते स्टँडिंग चार्जपोटी जातात. फुलके आचेवर फुगलेले हवेत हे मला पटतं, पण घर निवडतानाच हा हिशेब मनात धरा. भाड्याच्या घरात मालकाच्या परवानगीशिवाय मीटर काढता येत नाही.

प्रीपेमेंट मीटर (आधी पैसे भरून मग वापरायचा) असलेल्या घरात जास्त जपा. कार्डवर पैसे नसले तरी स्टँडिंग चार्ज रोज चढतच राहतो आणि थकबाकी म्हणून जमा होतो. पुढच्या टॉप-अपमधून तो आधी वळता होतो. उन्हाळ्यात गॅस लागत नाही म्हणून टॉप-अप केला नाही, मग ऑक्टोबरच्या पहिल्या थंड रात्री 20 पौंड भरले आणि त्यातले बरेचसे मागचे म्हणून गेले, असं झालेली घरं मी पाहिली आहेत. भारतात जाण्याआधी दोन्ही मीटरवर पुरेसे पैसे ठेवा.

घरमालक वीज-गॅसचे पैसे वेगळे घेत असेल तर त्याने स्वतः दिलेल्या दरापेक्षा जास्त दर तो लावू शकत नाही. स्टँडिंग चार्जचा तुमचा वाटा तेवढा घेऊ शकतो. बिल दाखवा असं सांगायला संकोच करू नका. आणि कंपनीला तुम्ही थेट पैसे भरत असाल तर भाडेकरू असूनही पुरवठादार बदलण्याचा हक्क तुमचा आहे.

किल्ल्या मिळतील त्याच दिवशी, सामान उघडण्याआधी, दोन्ही मीटरचे तारखेसह फोटो काढा आणि त्या घराला आधीपासून पुरवठा करणाऱ्या कंपनीला रीडिंग कळवा. त्या दिवसापासूनचा स्टँडिंग चार्ज तुमचा, आदल्या दिवशीपर्यंतचा आधीच्या भाडेकरूचा. घाईने फिक्स घेतलात तर 14 दिवसांत रद्द करता येतो. पुढे मुदतीआधी सोडलात तर बहुतेक फिक्सना एक्झिट फी असते, वीज आणि गॅसला वेगवेगळी. सहा महिन्यांचाच भाडेकरार असेल तर घर बदलताना फिक्स सोबत नेता येतो का, हे घेण्याआधीच विचारा. शेवटच्या 49 दिवसांत एक्झिट फी लागत नाही. त्या काळात नवा फिक्स शोधा, नाहीतर मुदत संपताच तुम्ही बदलत्या टॅरिफवर जाल. फिक्स घेतला की ही 49 दिवस आधीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये लगेच टाकून ठेवा.