भात पोटरीत आलं, आता आपल्या पोटऱ्यांकडेही लक्ष ठेवा

गणपती गावाला गेले की कोकणात लवकर पिकणारं हळवं भात निसवायला लागतं म्हणजे लोंब्या बाहेर येतात, मधलं निमगरवं पोटरीत असतं म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असते, आणि उशिरा पिकणारं गरवं अजून फुटवे धरून उभं असतं. या दिवसांत एकदा भल्या सकाळी मेरेवरून, म्हणजे खाचराच्या बांधावरून, चालत जा. मेरेच्या कुशीला बीळ दिसेल, तोंडाशी भुसभुशीत ताज्या मातीचा ढीग, आणि तिथून दोन हातांवर चारपाच चूड, म्हणजे भाताचे ठोंब, तिरके कापून पाण्यात आडवे पाडलेले. रात्री उंदीर येऊन गेला. आपण लगेच किती भात गेलं याचा हिशेब करतो. पण त्याने आणखी एक गोष्ट मागे ठेवलेली असते, ती दिसत नाही. त्याचं मूत. आणि त्याच खाचरात थोड्या वेळाने आपण पाय घालणार असतो.

लेप्टोचा म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप इथून सुरू होतो. लेप्टोस्पायरा नावाचा हा जंतू पिळदार असतो आणि उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो. उंदराला त्याचं काही होत नाही. तो खातो, पितो, पिल्लं घालतो आणि महिनोन्‌महिने मुतातून जंतू सोडत राहतो. शेतातला उंदीर, घरातला उंदीर, घूस, सगळे त्यात आले. कडक उन्हात जमीन सुकली की जंतू मरतो, पण ओल्या चिखलात आणि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो. भाताच्या खाचरात त्याला ओल मिळते, ऊब मिळते आणि वर आपले अनवाणी पायही मिळतात. म्हणून सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडपासून ठाणे-पालघरपर्यंत आणि खाली गोव्यातही पावसाळ्यात हा ताप डोकं वर काढतो. शहरंही सुटलेली नाहीत. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत घाण पाण्यातून चाललेल्या कितीतरी लोकांना तो झाला होता.

शरीरात शिरायला त्याला मोठी जखम लागत नाही. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या पुरतात. लावणीपासून पाय पाण्यात असतात, बेचकी पांढरी पडते, कातडी सुटते, रात्री आग होते. आपण तिला आजार मानतच नाही, ‘पावसात व्हायचंच’ म्हणतो. टाचेच्या भेगा, विळ्याचा ओरखडा, पातीने कापलेली करंगळी, हीसुद्धा उघडी दारंच. डोळ्यांत उडालेलं पाणी, खाचरात विसळलेला डबा, चिखलाच्या हाताने मळलेली तंबाखू यांतूनही तो आत जातो.

गमबूट घाला, हे सांगायला सोपं आहे. लावणीच्या चिखलात बूट रुततो आणि पाय तेवढा वर येतो, हे मला ठाऊक आहे. पण आता मेरा साफ करायच्या आहेत, उंदरांचं औषध ठेवायचं आहे, पुढे कापणी आहे, तिथे बूट चालतो. तो घालाच. बिळाशी हात घालताना रबरी हातमोजे हवेत. जिथे बूट चालतच नाही तिथे जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. घरी आल्याबरोबर, चहाच्या आधी, स्वच्छ पाणी आणि साबणाने पाय धुवा, बोटांची बेचकी कोरडी करा आणि चिखल्यांवर आरोग्य केंद्रातून मलम आणून लावा. नुसतं तेल चोपडून शेतात उतरणं हे संरक्षण नाही.

आता तापाकडे. जंतू आत गेल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत, कधी त्याहून उशिरा, थंडी वाजून ताप भरतो. डोकं फुटतंय असं वाटतं, डोळे लाल होतात पण त्यांना चिपडं येत नाहीत, आणि पोटऱ्या दुखतात. हे पोटऱ्यांचं दुखणं ओळखून ठेवा. माझ्या वडिलांना हा ताप आला त्या वर्षी ते खाटेवरून उतरायला पाय खाली सोडायचे आणि पुन्हा वर घ्यायचे. पोटरीला नुसता हात लावला तरी कळवळायचे. आम्ही तीन दिवस ती बेणणीची, म्हणजे भातातलं तण काढण्याची, अंगदुखी समजून शेक देत बसलो. चौथ्या दिवशी लघवी अगदी थोडी आणि चहासारखी झाली, तेव्हा धावाधाव केली. ते वाचले, पण त्या तीन दिवसांची रुखरुख मला अजून आहे, आणि हे लिहिण्याचं कारणही तेच आहे.

या तापाची एक फसवी चाल आहे. काहींचा ताप चारपाच दिवसांनी उतरतो, माणूस बरं वाटलं म्हणून पुन्हा शेतावर जातो, आणि एकदोन दिवसांत आजार दुप्पट जोराने उलटतो. डोळे पिवळे होणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, थुंकीतून रक्त पडणं यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसं यांवर हा आजार उतरला की वेळ हातात राहत नाही.

म्हणून ताप आला त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा: ‘मी भातात काम करतो, आठवड्यापूर्वी बेणणी केली, पायाला चिखल्या आहेत.’ या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते. पहिल्या काही दिवसांत रक्ताच्या तपासणीत लेप्टो सापडेलच असं नाही. त्यामुळे डॉक्टर संशयावरूनही प्रतिजैविक सुरू करतात, आणि ते लवकर मिळालं तर हा ताप बरा होतो. दुकानातून अंगदुखीच्या जालीम गोळ्या परस्पर आणून घेऊ नका. त्यांतल्या अनेक मूत्रपिंडाला जड जातात आणि इथे मूत्रपिंडच धोक्यात असतं.

जोखमीच्या गावांत शेतात उतरणाऱ्यांना डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी आठवड्यातून एकदा, २०० मिलिग्रॅम, देतात. आशाताई गोळी घेऊन आल्या तर ती फळीवर ठेवून देऊ नका. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालील मुलांसाठी ती नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारा. गोळी घेतली म्हणून बूट सोडायचा नाही.

उंदरांचं काय करायचं

एकट्याने औषध ठेवलं तर शेजारच्या मेरेतले उंदीर आठवड्यात तुमच्याकडे राहायला येतात. वाडीने दिवस ठरवून एकदम काम करावं, आणि दाणा भरण्याआधी करावं. एकदा लोंबीत दूध भरलं की उंदीर आमिषाला तोंड लावत नाही.

संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच वापरातली, औषध फक्त तिथे. झिंक फॉस्फाईड वापरणार असाल तर पहिले दोन दिवस नुसता भरडा (जाडसर दळलेलं धान्य) तेल लावून ठेवा, म्हणजे उंदराची भीड चेपते. तिसऱ्या दिवशी ९६ भाग भरडा, २ भाग गोडंतेल आणि २ भाग औषध असं मिश्रण करून दर बिळात साधारण १० ग्रॅम आतवर ठेवा आणि तोंड बुजवा. मिश्रण उघड्यावर, नाकाला फडकं बांधून, कोरड्या काठीने करा. ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो, आणि या विषावर उतारा नाही. ज्या घरात लहान मुलं, कोंबड्या, कुत्रं आहे तिथे त्यापेक्षा ब्रोमाडिओलोनची ०.००५ टक्क्यांची तयार वडी बरी, बिळात १५ ग्रॅम. तिचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, तेवढा धीर धरा. तीही विषच आहे, मुलांच्या हाती लागता कामा नये. प्रमाण एकदा कृषी सहाय्यकांकडून पडताळून घ्या.

मेलेला उंदीर शेपटीला धरून व्हाळात (ओढ्यात) भिरकावायची सवय सोडा. हातमोजे घालून उचला आणि खोल पुरा. मेरा रुंद आणि गवताळ असल्या की उंदरांचं फावतं, त्यामुळे त्या छाटून लहान ठेवा. धामण आणि घुबड दिसलं तर मारू नका.

पुढे कापणी झाली की उंदीर भाताच्या मागोमाग घरात येतात. उडवी (भाताच्या भाऱ्यांची रास) गोठ्याला चिकटून रचू नका, धान्याची कणगी जमिनीपासून उचलून ठेवा. माळ्यावरची उंदराची घाण कोरडी झाडू नका, आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा. गाय-म्हैस गाभडली (गर्भ पडला) किंवा तिला लाल लघवी झाली तर पशुवैद्यकांना बोलवा आणि वार (जार) उघड्या हाताने उचलू नका, कारण जनावरांनाही लेप्टो होतो.

घाटावर आणि विदर्भात

पूर्व विदर्भातला भाताचा पट्टा सोडला तर तिकडे भाताचं पाणी कमी, पण उंच गवत आणि झुडपं आहेत. उंदरांच्या अंगावर आणि बिळांभोवती राहणाऱ्या बारीक किड्यांच्या पिल्लांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाने तो भोगला. तापाबरोबर काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का, हे घरच्या माणसाला बघायला सांगा. ती दुखत नाही म्हणून राहून जाते. असली तर डॉक्टरांना दाखवा. गवत कापताना पूर्ण बाह्या आणि पायमोजे घाला, उघड्या गवतावर आडवे होऊ नका.

आणि विष न घालता घरात, गोठ्यात उंदीर मरून पडायला लागले, तर हात लावू नका. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनी आधी मरून पडणाऱ्या उंदरांची आणि पिसवांची तक्रार केली होती, गाठीच्या प्लेगचे रुग्ण नंतर दिसले. उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून त्या वेळी उरलेले उंदीर मारायची घाई करू नका. मुलांना तिथून बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा: कुठल्या वाडीत, किती उंदीर, कधीपासून.