शाळेतील बालसुरक्षेची तक्रार कुठे करावी आणि ती कुठवर चालते

शाळेत मुलाच्या बाबतीत काही गंभीर घडले, की पालक बहुधा एकच लांबलचक अर्ज लिहून त्याच्या प्रती मुख्याध्यापकांपासून मंत्रालयापर्यंत सर्वांना पाठवतात. त्यामागचा संताप समजण्यासारखा आहे. परंतु प्रत्येक कार्यालयाची कक्षा कायद्याने आखलेली असल्यामुळे असा अर्ज ‘आमच्या अखत्यारीतील विषय नाही’ या शेऱ्यासह परत येण्याचीच शक्यता अधिक असते.

म्हणून घडलेली गोष्ट लैंगिक अत्याचाराच्या स्वरूपाची आहे का, हे आधी पाहावे. तशी ती असेल, किंवा तशी साधार शंका असेल, तर थेट पोलीस ठाणे गाठावे. पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याचा असा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कलम 21 अन्वये त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी संस्थेची चौकशी होऊ द्या’ असे पालकांना हमखास सांगितले जाते. त्याला कायद्यात कोणताही आधार नाही. ऑगस्ट 2024 मध्ये उघडकीस आलेल्या, बदलापूरच्या शाळेतील दोन लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांच्या दिरंगाईबरोबरच शाळेने माहिती न कळवल्याबद्दलही कठोर विचारणा केली होती. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 173 प्रमाणे लेखी माहिती टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कोणावरही कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती द्वेषबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीला, आणि तीही मूल वगळून. मुलाचे नाव, वर्ग किंवा छायाचित्र मात्र पालकांच्या व्हॉट्सॲप गटात चुकूनही टाकू नये, कारण पीडित मुलाची ओळख उघड करणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

छडी मारणे, वर्गासमोर अपमान करणे यांसारख्या बाबी शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 मध्ये येतात. त्यांची तक्रार कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, लेखी करावी. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. येथील खरी अडचण पालकांना सहसा उशिरा कळते. हा कायदा 6 ते 14 वयोगटापुरता आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो लागू होत नाही. नववीतल्या मुलासाठी किंवा अशा शाळेविरुद्ध कलम 32 चा आधार घेण्यात अर्थ नसतो. मारहाणीबद्दल फौजदारी तक्रार आणि पोक्सो यांना मात्र शाळेचा प्रकार आड येत नाही.

आयोगाकडून अपेक्षा ठेवताना त्याचे अधिकार ओळखून असावे. चौकशीसाठी तो दिवाणी न्यायालयाप्रमाणे समन्स काढू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयातही जाऊ शकतो; पण शिक्षकाला बडतर्फ करण्याचा किंवा कोणाला शिक्षा सुनावण्याचा अधिकार त्याला नाही. त्याच्या चौकशीची परिणती मुख्यतः सरकारला केलेल्या शिफारशीत होते. दुसऱ्या आयोगापुढे प्रलंबित असलेल्या विषयाची चौकशी राष्ट्रीय आयोगाला कायद्यानेच करता येत नाही; त्यामुळे राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे एकाच वेळी अर्ज करण्याने काम पुढे सरकत नाही, अडते.

अर्ज लिहिताना तारीख, वेळ, ठिकाण आणि मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे नोंदवावेत, मात्र त्यासाठी मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नये. फीची थकबाकी, गुणांवरून झालेला वाद, मुख्याध्यापकांशी जुने भांडण यांचा त्यात उल्लेखही नको, कारण नेमका तोच मजकूर पुढे करून तक्रार आकसाची ठरवली जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याखेरीज कार्यालयातून बाहेर पडू नये; कलम 32 मधील तीन महिन्यांचा हिशेब पुढे त्याच तारखेवरून मांडावा लागतो.