शिरोलीला निघायच्या आधी बॅगेत काय काय पायजे

भावा, कारखान्यातनं सिस्को राउटरची कॉन्फिग, म्हणजे त्याच्यातली सेटिंगं, उडाली म्हणून फोन आला की लगेच गाडीला किक मारायची नाही, आधी बॅग उघडून बघायची. जिथलं नेट बंद पडलंय तिथं जाऊन नेटवरनं काय उतरवणार तू? आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पत्र्याच्या शेडात मोबाईलची रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. मी एकदा रात्री साडेनऊला एका फाउंड्रीत पोचलो, केबल होती, लॅपटॉप होता, पण यूएसबी कन्व्हर्टरचा ड्रायव्हरच नव्हता, मग परत हायवेला येऊन हॉटस्पॉटवर उतरवला, तोवर वजनकाट्यावर गाड्यांची लाईन आणि मॅनेजर साहेब माझ्याकडं असं बघत होते जसं राउटर मीच फोडलाय.

म्हणून कन्सोल केबल (राउटर थेट लॅपटॉपला जोडायची), ती यूएसबीत लावायचा कन्व्हर्टर आणि त्याचा ड्रायव्हर, तिन्ही घरीच लावून चालतंय का बघून ठेव. राउटरशी बोलायचं सॉफ्टवेअर, पुटी नाहीतर टेराटर्म, लॅपटॉपवर असू दे, स्पीड 9600, डेटा बिट 8, पॅरिटी नाही, स्टॉप बिट 1, फ्लो कंट्रोल बंद. बऱ्याच नव्या लॅपटॉपला ब्रेकचं, म्हणजे चालू होणाऱ्या राउटरला मधेच थांबवायचं, बटणच नसतं, त्यामुळं पुटीच्या मेनूतनं ब्रेक कसा पाठवायचा ते आधीच बघ, कारण सिस्कोचा राउटर चालू केल्यावर पहिल्या मिनिटाच्या आतच ब्रेक मारायला लागतो, तेव्हा शोधत बसलास तर गेली गाडी, परत बंद करा परत चालू करा.

पासवर्ड कुणालाच माहीत नसेल तर त्या ब्रेकनं रॉममॉनमध्ये, म्हणजे राउटरच्या दुरुस्ती मोडमध्ये, जाऊन कॉन्फिग रजिस्टर (राउटरनं कसं उठायचं ते ठरवणारा आकडा) 2142 करायचा, म्हणजे राउटर जुनी कॉन्फिग न वाचता उठतो. पुसत नाही, नुसती वाचत नाही, ती एनव्हीरॅममध्ये, लाईट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, तशीच असते. सेटअप करू का विचारलं की नो. आणि आता नीट ऐक, इथंच लोक मार खातात. रिकामा राउटर दिसला की सवयीनं राईट, म्हणजे सेव्हची कमांड, मारायचं नाही!! मारलंस की जुन्या कॉन्फिगवर रिकामी बसली, संपला विषय. आधी स्टार्टअप (साठवलेली जुनी कॉन्फिग) कॉपी करून रनिंगमध्ये (आत्ता चालू असलेल्या कॉन्फिगमध्ये) आणायची, उलटं नाही, मग पासवर्ड बदल, पोर्ट सगळे शटडाऊन झालेले असतात ते एकेक करून नो शटडाऊन कर, रजिस्टर परत 2102, आणि मगच सेव्ह. 2102 विसरलास तर पुढच्या वेळी लाईट गेली की राउटर परत कोरा उठणार, परत तुलाच फोन.

कॉन्फिगच सापडली नाही तर काय? त्यासाठी बॅकअपची टेक्स्ट फाईल पेनड्राईव्हवर, आणि एका कागदावर स्टॅटिक आयपी, मास्क, गेटवे, व्हीलॅन नंबर, पीपीपीओईचा, म्हणजे नेट कंपनीच्या लॉगिनचा, युजर पासवर्ड. कस्टमर केअरला रात्री विचारत बसणं म्हणजे लई ताप.

आयओएसची (आयफोनचं नव्हे, सिस्को राउटर ज्याच्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) फाईलच उडाली असेल तर त्याच मॉडेलची फाईल आणि ती राउटरला पाठवायचा टीएफटीपी सर्व्हर लॅपटॉपवर, शिवाय एक साधी लॅन केबल. कन्सोलवरनं एक्समोडेम या फाईल पाठवायच्या जुन्या पद्धतीनं चढवता येते खरी, पण 9600 ला 60 एमबी म्हणजे 17 तासांच्या वर, जेवणाचा डबा घेऊनच जा मग.

आणि पावसाळ्यात वेगळंच. 2019 ला आणि 2021 ला पुरात हायवेच शिरोलीजवळ पाण्याखाली होता, कोण जाणार तिथं? तेव्हापासनं जूनच्या आधी मी एक जादा कन्सोल केबल आणि बॅकअपची प्रिंट कारखान्यातच ठेवतो, तिथल्या इलेक्ट्रिशियनला एकदा समोर बसवून पुटी उघडायला लावतो, म्हणजे फोनवरनं सांगितलं तरी त्याचा हात चालतोय.