उन्हाळ्यात डास चावू नयेत म्हणून काय करायचं

आधी साठलेलं पाणी बघा, बाकी सगळं नंतर. कुंडीखालची ताटली, कूलरची टाकी, जुना टायर, सगळं आठवड्यातून एकदा रिकामं करायचंच, कारण गरमीत अंड्याचा डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस पुरतात, आणि नुसतं ओतून भागत नाही हं, एडिस डासाची (डेंग्यू पसरवणारा तो) अंडी कडेला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून आतून घासून काढा. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी लावा प्लीज. कपडे सैल, फुल बाह्यांचे, टाइट लेगिंग्जमधून सोंड आरपार जाते. रिपेलंटमध्ये, म्हणजे डास पळवायला अंगाला लावायच्या क्रीम किंवा स्प्रेमध्ये, डीट किंवा पिकारिडिन हे डास दूर ठेवणारं रसायन आहे का बघा, आधी सनस्क्रीन मग रिपेलंट. बाहेर बसलात तर पायांकडे फॅन लावा, वाऱ्यात डासाला नीट उडताच येत नाही.