एस.टी.ने जाऊन कोकणात पायी फिरताय? या चुका टाळा

कोकणात डोंगर-किनारे फिरायला स्वतःची गाडी लागत नाही. अलिबाग–रेवस रस्त्यावर मापगावला उतरलं की कनकेश्वरच्या पायऱ्या. अलिबाग–पेण रस्त्यावर खंडाळ्याला उतरलं की सागरगडाची वाट. दापोलीहून हर्णैच्या गाडीने आसूदला उतरायचं, पोफळीच्या बागांमधून पाटाच्या कडेने खाली जायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडून केशवराजाच्या देवळापर्यंत चढायचं, आणि गोमुखाचं पाणी पिऊन परत यायचं. तिकीट किरकोळ. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट.

मी गेली कित्येक वर्षं असाच फिरतोय. या फिरण्यात माणूस चढावर क्वचित अडकतो. तो अडकतो संध्याकाळी, फाट्यावर.

जायची गाडी बघितली, यायची नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. सकाळी साडेसहाची गाडी, गडावर साडेदहाला, जेवण बारा वाजता, असं सगळं ठरवतात. परतीचं मात्र ‘मिळेल काहीतरी’. माझ्या वहीत पहिल्या ओळीत शेवटची गाडी असते. नंतर तिच्या आधीची. त्या आधीच्या गाडीला मी स्टॉपवर हजर असायचं असं धरून सगळा दिवस उलटा मोजत जातो: उतरायला किती वेळ, वर किती थांबायचं, चढायला किती. वेळ बसत नसेल तर गड बदलायचा, गाडीवर भरवसा वाढवायचा नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका रविवारी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून आम्ही तिघं पाच वाजता खाली उतरलो. स्टँडवरच्या फळ्यावर सव्वापाचची गाडी पिवळ्या रंगाने नीट लिहिलेली मी स्वतः वाचली होती. सव्वासहा वाजले. दुकानाची फळी लावता लावता मावशी म्हणाल्या, “अवो दादा, आज ऐतवार. शालंची गाडी आज कशी येल?” ती गाडी शाळेच्या मुलांसाठी होती. हमरस्ता नऊ किलोमीटर लांब होता. आम्ही अंधारात चालत गेलो, आणि बरोबरच्या मित्राची आई घरी वाट बघत होती हे आठवून आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून खूणगाठ बांधली आहे. आडगावाला सकाळी नऊ-दहाच्या आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला जी गाडी जाते, ती बहुधा शाळेची. रविवारी, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत ती असेलच असं नाही. गणपतीत आणि शिमग्यात तर चाकरमान्यांसाठी जादा गाड्या सुटतात, तेव्हा गावातल्या फेऱ्यांचं वेळापत्रक विस्कटतं. सणाच्या चार दिवसांत आडगावाचा बेत करू नका, हमरस्त्यालगतचा करा. चिपळूणजवळ परशुरामाचं देऊळ आहे, पावसाळ्यात सवतसड्याचा धबधबा आहे. तिथे एक गाडी चुकली तरी दुसरी येते.

चुकीचा प्रश्न

चौकशीच्या खिडकीवर “अमुक गावाला गाडी आहे का?” असं विचारलं की “आहे” एवढंच उत्तर मिळतं, आणि ते खरंही असतं. विचारायचं असं: आज सुटणार आहे ना? गावात जाते की फाट्यावरूनच पुढे जाते? परतीची शेवटची कितीला? आणि वस्तीला कुठली गाडी असते?

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन तिथेच मुक्काम करणारी आणि पहाटे परत निघणारी. संध्याकाळी गावाच्या दिशेने जाणारी गाडी दिसली की नवखा माणूस खूश होतो, हीच वळून मला नेईल म्हणून. ती वळणार असते, पण दुसऱ्या दिवशी उजाडताना.

ज्या गाडीने गेलात तिच्या कंडक्टरला उतरताना विचारा. फळा जुना असेल. काल फेरी रद्द झाली का, रस्ता कुठे खचलाय का, हे त्याला माहीत असतं. पावसात मोरी (रस्त्याखालचा छोटा पूल) वाहून गेली तर गाडी अलीकडच्या गावातूनच फिरते, आणि तुमची चाल येऊन-जाऊन सहा-सात किलोमीटरने वाढते.

पाटी पूर्ण वाचा, ‘मार्गे’सकट. मुरुड दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचं रायगडातलं आणि एक हर्णैजवळचं दापोलीतलं. जलद गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत नाही. बसण्याआधी विचारून घ्या. सुटे पैसे जवळ ठेवा, मोबाइलवरून पैसे द्यायला रेंज लागते. चार-सात दिवस सलग फिरायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ पासचा हिशोब जरूर करून बघा.

समुद्राचं वेळापत्रक न बघणं

किनाऱ्याने चालणाऱ्यांची ही चूक मला फार काळजीची वाटते, कारण इथे चुकलं तर नुसता मुक्काम पडत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन बघता येतो. एका पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) दुसऱ्या पुळणीवर खडपांवरून (काठच्या खडकांवरून) जायच्या वाटाही ओहोटीपुरत्याच असतात.

किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. त्या दिवशीची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. तेवढ्या वाजता भरती पूर्ण. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती आणि सकाळी पावणेदहाच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा पंधरावी तिथी, म्हणून सव्वाअकराला भरती, सव्वापाचला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून बंदरावर कोळी बांधवांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही.

दोन गोष्टी मात्र नवख्याच्या लक्षात येत नाहीत. एक, अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती-ओहोटी असते. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. ओहोटी भर दुपारी येते म्हणून सोयीची वाटते, पण वाट पूर्ण उघडी पडेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे जातं आणि तितकंच जोरात परत येतं. दुसरी गोष्ट, एस.टी. रोज त्याच वेळेला येते, पण भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. मागच्या शनिवारी मित्राला जमलेला बेत या शनिवारी तसाच्या तसा जमणार नाही. पाणी उतरत असताना निघा आणि परत फिरल्याचं दिसताच काठाला लागा. गाडीची वेळ साधण्यासाठी चढत्या पाण्यातून यायची घाई कुणी करू नये. गाडी गेली तर जाऊ दे.

सड्याला माळरान समजणं

नकाशावर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, सपाट दिसतो, म्हणून लोक तो हलक्यात घेतात. कातळशिल्पं बघायला बारसू, कशेळी, देवाचे गोठणे या राजापूरकडच्या भागात येणाऱ्यांचं हे नेहमी होतं. एप्रिलमध्ये अकरा वाजता जांभा असा तापतो की बुटाच्या तळव्यातून चटका लागतो. सावली नाही, पाणी नाही. सकाळी नऊपर्यंत किंवा चारनंतर फिरा, माणशी तीन लिटर पाणी घ्या. पावसात तोच कातळ शेवाळाने गुळगुळीत होतो आणि धुक्यात सगळीकडे सारखाच दिसतो. अशा वेळी सोडून दिलेल्या चिरेखाणींची (जांभ्याचे चिरे काढलेल्या खाणींची) खरी भीती. त्यांच्या कडा करवतीने कापल्यासारख्या सरळ उभ्या, आत पाणी साचलेलं, कडेला गवत वाढलेलं. मोबाइलवरची वाट खाणीतून सरळ पलीकडे जाताना मी पाहिली आहे.

सड्यावर दगड उलटू नका, गडग्यावर (दगडी कुंपणावर) न बघता हात टेकू नका. तिथे फुरसं हा विषारी साप असतो, आणि ते मातीच्याच रंगाचं असतं. चावलं तर बांधाबांध, कापाकापी काही नको. माणसाला हलू-चालू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा.

गडगा म्हणजे कुणाची तरी हद्द. आंब्याच्या दिवसांत कलमांच्या बागेत राखण असते, कुत्री सोडलेली असतात. बेडं (कुंपणाचं फाटक) दिसलं तर हाक मारा, विचारा. “हितनं जाऊ का?” एवढं म्हटलं की बहुतेक वेळा माणूस स्वतः वाट दाखवायला येतो. देवराईतून तर काडीही उचलू नका.

एकीकडून चढून दुसरीकडे उतरणं

एस.टी.चा हा खरा फायदा, पण पहिल्या खेपेला नको. खेडच्या रसाळगड–सुमारगड–महिपतगडाचा बेत असाच फसतो. रसाळगड सोपा, पुढे सुमारगडाची वाट दाट रानातली, वाटाड्याशिवाय सापडत नाही. अंधार पडला की तुम्ही अशा गावात उतरता जिथल्या गाड्या तुम्हाला ठाऊक नाहीत. आधी एकदा चढलात तिथेच उतरा.

तरी गाडी चुकलीच, तर

उजेड असेपर्यंतच ठरवा. मोठा रस्ता तासाभराच्या चालीवर असेल तर निघा, आणि वळणाच्या अलीकडे, ड्रायव्हरला लांबून दिसाल अशा जागी थांबा. अंधार असेल तर विजेरी आपल्या अंगावर धरा, त्याच्या डोळ्यांवर नको. वाटेत वडाप (माणशी भाडं घेणारी खासगी गाडी) मिळालं तर बसा. रस्ता लांब असेल तर गावातच थांबा. पोलीस पाटलांचं घर विचारा, आपण कोण, कुठले, ते सांगा आणि देवळात झोपायची परवानगी मागा. घरी फोन करून कळवा. मला अशा वेळी भाकरी आणि कुळथाची पिठी न मागता मिळाली आहे. पहाटे वस्तीच्या गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज सगळ्या वाडीला ऐकू जातो. ड्रायव्हर काचेवरचं दव फडक्याने पुसत असतो, दुधाची किटली आधी चढते, मग माणसं. त्याच्या पाच मिनिटं आधी तिथे उभे राहा.