सेमिनरीत जाण्यापूर्वीचे एक वर्ष: सातारा-सांगलीच्या कुटुंबांसाठी तयारीची यादी

बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत अर्ज भरायचा आणि जूनमध्ये ट्रंक उचलून पुण्याची गाडी धरायची, अशी घाई मी आमच्या भागातील दोन-तीन घरांत जवळून पाहिली आहे. मुलगा गुणी असतो, घर श्रद्धाळू असते, तरीही वर्षभरात तो परत येतो आणि मग दोष कोणाचा यावरून घरात कुजबुज सुरू होते. सांगलीत धर्मशिक्षणाचे वर्ग घेता घेता माझे मत असे झाले आहे की सेमिनरीची, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात जाण्याची, तयारी निदान एक वर्ष आधी, आणि तीही घरातूनच, सुरू झाली पाहिजे. पुढील यादी त्या वर्षासाठी आहे. धर्मशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या प्रापंचिक (धर्मगुरू वा सिस्टर नसलेल्या) स्त्री-पुरुषांसाठीही तिच्यात थोडे लिहिले आहे.

सर्वांत आधी हे स्पष्ट करून घ्यावे की मुलाला धर्मप्रांताचा (एका बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशाचा) धर्मगुरू व्हायचे आहे की एखाद्या संन्यस्त संघाचा. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात येतात. कोल्हापूर जिल्हा मात्र २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहे, त्यामुळे अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपुरात राहणाऱ्या भावंडांना वेगळ्या बिशपांकडे अर्ज करावा लागतो. धर्मप्रांताचा धर्मगुरू आपल्या बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे आणि ब्रह्मचर्याचे वचन देतो, दारिद्र्याचे व्रत घेत नाही. येशूसंघासारख्या (जेझुइट) संघात जाणारा तरुण नवशिक्षणाचा, म्हणजे संघातील सुरुवातीच्या प्रशिक्षणाचा, काळ पुरा करून दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता ही तिन्ही व्रते घेतो, आणि पहिल्या व्रतापूर्वी त्याला आपल्या मालमत्तेचे व्यवस्थापन दुसऱ्याकडे सोपवावे लागते. सातबाऱ्यावर मुलाचे नाव असलेल्या घरांनी ही गोष्ट आधीच बोलून घ्यावी. आणखी एक बाब आपल्याकडे हटकून विसरली जाते: कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) २८५ व्या कलमानुसार धर्मगुरूने आपल्या वरिष्ठांचा सल्ला घेतल्याशिवाय कोणालाही जामीन राहता येत नाही, आणि २८६ व्या कलमानुसार परवानगीवाचून व्यापारधंदा करता येत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला पुढेमागे थोरला जामीनदार म्हणून उभा राहील, असा हिशेब घरात कोणी मनात धरून ठेवला असेल, तर तो आजच सोडून द्यावा.

आता कागदपत्रे. स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला जुना चालत नाही, नव्याने काढलेला लागतो, कारण स्नानसंस्काराच्या नोंदवहीत त्या व्यक्तीच्या दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्काराची), विवाहाची आणि धर्मगुरुपदाच्या दीक्षेची नोंदही केली जाते आणि दाखल्यावर ती आजच्या तारखेपर्यंतची दिसायला हवी. दृढीकरण झालेले नसेल तर ते याच वर्षात उरकून घ्यावे. ज्याचा दृढीकरणाचा संस्कार झालेला नाही त्याला दीक्षा देता येत नाही. त्याशिवाय दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि आपल्या धर्मग्रामाच्या (एका चर्चशी जोडलेल्या स्थानिक समुदायाच्या) प्रमुख धर्मगुरूंचे पत्र, एवढे सहसा मागितले जाते. आधी दुसऱ्या सेमिनरीत किंवा संघात राहून आलेल्या तरुणाने ते लपवू नये, कारण त्या ठिकाणच्या वरिष्ठांचे पत्र कॅनन लॉच्या २४१ व्या कलमानुसार आवश्यकच असते. प्रौढपणी आणि नुकताच स्नानसंस्कार घेतलेल्या व्यक्तीने थोडे थांबावे, ही अपेक्षाही कायद्यातच आहे.

नावाची गोष्ट मात्र सावकाश सांगितली पाहिजे, कारण सर्वाधिक वेळ तिथेच जातो. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे नाव चर्चच्या वहीत फ्रान्सिस होते, शाळेत प्रकाश होते, आणि वडिलांच्या नावात एका ठिकाणी एक अक्षर कमी होते. शाळेत घालताना आजोबांनी तोंडी जे सांगितले ते मास्तरांनी लिहून घेतले होते, आणि अठरा वर्षे त्यावाचून कोणाचे काही अडले नव्हते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, प्रमुख धर्मगुरूंचा खुलासा आणि आधार कार्डावरची दुरुस्ती यांत चार महिने गेले. तेव्हा सर्व कागद एका रात्री दिव्याखाली शेजारी शेजारी मांडून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. हे काम मुलाने स्वतः करावे.

किती वर्षे लागतात, हा प्रश्न आई हमखास विचारते, आणि तिला खरे उत्तर मिळाले पाहिजे. रोमने ८ डिसेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार आरंभी निदान एक आणि जास्तीत जास्त दोन वर्षांचा पूर्वतयारीचा टप्पा असतो, त्यानंतर तत्त्वज्ञानाचा, मग धर्मशास्त्राचा आणि शेवटी प्रत्यक्ष धर्मग्रामात राहून सेवेचा. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र मिळून निदान सहा पूर्ण वर्षे अभ्यास व्हावा असे कॅनन लॉ सांगतो. दरम्यान बहुतेकांना विद्यापीठाची पदवी आणि एखादे वर्ष प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. धर्मगुरुपदाच्या दीक्षेसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि त्याआधी निदान सहा महिने डिकन (धर्मगुरूच्या आधीची दीक्षित पायरी) म्हणून सेवा करावी लागते. बारावीनंतर निघालेल्या मुलाच्या बाबतीत दहा-अकरा वर्षे गृहीत धरूनच घराने आपले नियोजन करावे. धाकटीचे लग्न, शेतीचे कर्ज, वडिलांचे आजारपण यांसाठी त्याच्या कमाईचा आधार धरला असेल, तर प्रवेशाच्या मुलाखतीतच तसे मोकळेपणाने सांगावे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली या प्रशिक्षणाची चार अंगे मांडली: मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि मेंढपाळकीचे, म्हणजे लोकांची आध्यात्मिक काळजी घेण्याचे. आपल्याकडे मुलगा अभ्यासात हुशार आणि मिस्साला (चर्चमधील मुख्य उपासनेला) नियमित असला की तयारी झाली असे समजतात. मला मानवी अंग पहिले वाटते. स्वतःचे ताट-वाटी घासणे, कपडे धुणे, दहा जणांत झोपणे, न आवडलेली भाजी गुपचूप खाणे आणि चुकलो असे तोंडाने म्हणणे, हे सगळे या एका वर्षात अंगी बाणवावे. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून ‘कमवा आणि शिका’ योजनेत शिकलेली साताऱ्याची मुले या बाबतीत इतरांच्या पुढे असतात, असा माझा अनुभव आहे. प्रार्थनेची वेळ सकाळी ठरवावी आणि ती पाळावी. महिन्यातून एकदा पापनिवेदन करावे. आणि एकाच धर्मगुरूंशी वर्षभर सातत्याने बोलत राहावे, म्हणजे निदान एक तरी व्यक्ती मुलाला आतून ओळखू लागेल. मानसशास्त्रज्ञांची चाचणी असते हे ऐकून काही आयांना धक्का बसतो. ती मुलाच्या लेखी संमतीनेच होते, आणि तिला घाबरण्याचे काही कारण नाही.

आता मला ज्याविषयी सर्वाधिक कळकळ वाटते त्या भाषेविषयी. पुण्यात रामवाडीला नगर रस्त्यावर असलेली पेपल सेमिनरी आणि तिच्या शेजारचे ज्ञानदीप विद्यापीठ यांतील शिक्षण इंग्रजीतून चालते. पोप तेरावे लिओ यांनी ही सेमिनरी १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केली, १९५५ साली ती पुण्यात आली, आणि ‘हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील’ अशा अर्थाचे तिचे बोधवाक्य आहे. तिथे देशभरातले तरुण असतात, लॅटिन विधीचे तसेच सिरो-मलबार आणि सिरो-मलंकरा विधीचेही (या कॅथलिक चर्चमधल्याच वेगवेगळ्या उपासना-परंपरा), त्यामुळे इंग्रजीला पर्याय नाही. मराठी माध्यमाच्या मुलाने या वर्षात रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचावे, त्याचा गोषवारा पाच ओळींत लिहावा आणि आठवड्यातून एकदा तो कोणाकडून तरी तपासून घ्यावा. याला फाटा देऊ नये, कारण पहिल्या सहामाहीत खचणारी बहुतेक मुले बुद्धीने कमी नसतात, त्यांना केवळ तासाला बोललेले कळत नाही.

पण एवढ्याने अर्धीच तयारी होते. कॅनन लॉचे २४९ वे कलम लॅटिन आणि इतर भाषांच्या आधी मातृभाषेचे नाव घेते आणि ती विद्यार्थ्यांना काळजीपूर्वक शिकवली जावी असे सांगते. आपला मुलगा ज्या लोकांकडे परत येणार आहे ते लोक मराठीत रडतात, मराठीत पापनिवेदन करतात आणि मरताना मराठीत प्रार्थना मागतात. दहा वर्षे इंग्रजीतून धर्मशास्त्र शिकलेला तरुण कृष्णाकाठच्या एखाद्या घरात मृत्यूनंतर सांत्वनाला बसतो आणि त्याला शब्द सापडत नाहीत, हे मी पाहिले आहे. चूक त्याची नव्हती. त्या दहा वर्षांत कोणी त्याच्याकडे मराठी मागितलीच नव्हती. मूळचे इंग्लंडचे असलेले फादर थॉमस स्टीफन्स मराठी शिकले आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली, ती १६१६ साली गोव्यातील रायतूरला छापली गेली. आपण तर या भाषेतच जन्मलो आहोत.

यावर एक साधा उपाय आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने केला, तो प्रत्येकाने करावा असे मला वाटते. त्याने दोनशे पानी वही घेतली, पानाच्या मधोमध रेघ ओढली, डावीकडे ऐकलेला इंग्रजी शब्द देवनागरीत आणि उजवीकडे मराठी शब्द लिहायला सुरुवात केली: ग्रेस म्हणजे कृपा, इन्कार्नेशन म्हणजे देहधारण, रिझरेक्शन म्हणजे पुनरुत्थान. ‘डिस्कर्नमेंट’समोरची जागा बरेच दिवस कोरी होती. सुट्टीत तो घरी आला तेव्हा आजी विक्रीआधी हळद निवडत बसली होती. एकेक हळकुंड मोडायची, आतला रंग उजेडात धरून पाहायची आणि बाजूला टाकायची. काय करतेस असे विचारल्यावर ती म्हणाली, पारख करते. त्याने तो शब्द त्याच संध्याकाळी वहीत लिहिला. वरून पिवळे दिसणारे हळकुंड आतून कसे आहे हे मोडल्याशिवाय कळत नाही, आणि पाचारणाची, म्हणजे देवाच्या बोलावण्याची, पारखही तशीच, दिवसाच्या उजेडात, घाई न करता व्हावी लागते, हे मला त्या वहीने समजावले.

पारख म्हटली की निकाल दोन्ही बाजूंनी लागू शकतो, आणि घराने यासाठी मन तयार करणे हे या यादीतले सर्वांत अवघड काम आहे. कोणालाही कोणत्याही कारणाने दीक्षेसाठी भाग पाडणे कॅनन लॉने निषिद्ध मानले आहे, आणि दीक्षेपूर्वी उमेदवाराला आपण हे स्वखुशीने व स्वतंत्रपणे स्वीकारत आहोत असे स्वहस्ते लिहून सही करून द्यावे लागते. आईने नवस केला होता, मावशी सिस्टर आहे किंवा गावात निरोप समारंभ झाला आहे, ही कारणे त्या कागदावर बसत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी वडिलांनी मुलाला एकट्याला बसवून एवढे सांगावे, की तुझी खोली तशीच राहील आणि तू परत आलास तर कोणी तुला काही विचारणार नाही. निरोपाचा मोठा कार्यक्रम शक्यतो करू नये. रविवारच्या मिस्सामध्ये प्रार्थना पुरेशी आहे.

प्रापंचिकांनी धर्मशास्त्र शिकावे हा त्यांचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. २२९ वे कलम त्यांना चर्चच्या विद्यापीठांत पदवीपर्यंत शिकण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत देते. ज्ञानदीपमध्ये सिस्टर्स आणि प्रापंचिकही शिकतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली वाचक आणि वेदीसेवक ही सेवापदे स्त्रियांना खुली केली आणि त्याच वर्षी १० मे रोजी धर्मशिक्षकाचे स्वतंत्र सेवापद निर्माण केले, त्यामुळे आमच्या भागातल्या शिक्षिकांनी आणि निवृत्त सेवकांनी या शिक्षणाकडे गांभीर्याने पाहावे. त्यांच्या तयारीत तीन बाबी वेगळ्या आहेत. चर्चची पदवी रोमच्या अधिकाराने मिळते आणि सरकारी नोकरीला लागणारी पदवी वेगळी असते, म्हणून नेहमीची पदवी आधी पूर्ण करावी. राहण्याची सोय उमेदवारांसाठी असते तशी प्रापंचिकांसाठी असेलच असे नाही, तेव्हा ती स्वतः चौकशी करून ठरवावी. आणि शिकून आल्यावर धर्मग्रामात आपल्याला कोणते काम दिले जाईल, हे प्रमुख धर्मगुरूंशी जाण्यापूर्वीच बोलून घ्यावे, नाहीतर शिकलेले घरातच राहते.

सामानाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अंथरूण-पांघरूण, साधे कपडे, एक पांढरा शर्ट, नेहमीची औषधे आणि त्यांची चिठ्ठी, कागदपत्रांच्या मूळ प्रती आणि प्रत्येकी तीन छायाप्रती, मराठी बायबल आणि जपमाळ. रामवाडीला भेट द्यायची असेल तर साताऱ्याहून एसटीने स्वारगेटला उतरून मेट्रोने जावे आणि जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून शेवटच्या रामवाडी स्थानकापर्यंत यावे. वर्षभरात निदान एकदा आई-वडिलांनीही ही जागा डोळ्यांनी पाहून यावी. मधोमध रेघ ओढलेली वही ट्रंकेत सर्वांत वर ठेवावी, आणि तिचे पहिले पान घरच्या माणसांकडून शब्द विचारून घरीच भरलेले असावे.