सॅक सगळ्यात शेवटी घ्या: हिमालयातल्या चढाईसाठी सॅक कशी निवडावी

सह्याद्रीत चार-पाच वर्षं भटकलं की घरात माळ्यावर ६०-७० लिटरची एक सॅक असतेच. बाजूला मॅट लटकतेय, कॅरॅबिनरच्या कडीला चहाचा मग खुळखुळतोय, खिसे तर विचारू नका. हिमालयातल्या ट्रेकलाही ती चालून जाते. पण पोर्टर न घेता दोघं-तिघं मिळून एखादं शिखर चढायचं ठरवलं की हीच सॅक नडायला लागते.

मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक घ्या. उंची ५२८९ मीटर. धुंडीहून बकरथाचमार्गे वर जायचं आणि शिखराच्या दिवशी मध्यरात्रीनंतर बुटांना क्रॅम्पॉन (धातूचे दात) चढवून बर्फाच्या उतारावर लागायचं. तीन-चार दिवसांचं बिऱ्हाड पाठीवर, आणि त्याच सॅकने बर्फातही हालचाल करू द्यायची. आपण अशाच मोहिमेसाठी सॅक निवडतोय. गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला जाणार असाल तर एवढ्यात खर्च करू नका. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी सॅक संस्थाच देते.

१. आधी सामान, मग सॅक

बहुतेक जण उलटं करतात. आधी सॅक घेतात आणि मग ती भरत बसतात. मोठी सॅक रिकामी राहत नाही. तिसरा टी-शर्ट, दुसरी चटणी, काहीतरी जाऊन बसतंच. त्यापेक्षा जमिनीवर चादर अंथरा आणि नेणार ते सगळं तिच्यावर मांडा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन एकेक वस्तू तोला. साधारण जाडीचा रोप (चढाईचा दोर) मीटरला ६० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे ६० मीटरचा रोपच साडेतीन किलोंच्या वर जातो. क्रॅम्पॉनची जोडी किलोच्या आतबाहेर. हा आकडा कागदावर आला की तिसरा टी-शर्ट आपोआप कपाटात परत जातो.

आता वाण्याकडून एक पुठ्ठ्याचा खोका आणा: ४५ सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, ३० उंच. तो झाला साधारण ४७ लिटर. रोप, हेल्मेट, आइस अॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) बाहेर ठेवा, बाकी सगळं खोक्यात दाबून बसवा. बसलं, तर ४५-५० लिटरची सॅक पुरेल. नाही बसलं, तर सॅक मोठी करण्याआधी तंबू आणि स्टोव्ह दोघांत वाटून घेतलाय का ते बघा.

२. उंची नको, पाठ मोजा

सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते, त्यामुळे नुसत्या उंचीवरून साइज ठरत नाही. मान पुढे वाकवली की मानेच्या बुडाशी एक हाड टोचल्यासारखं वर येतं. तिथे टेपचं टोक धरा. दोन्ही हात कमरेवर ठेवून कटीच्या हाडाचा वरचा काठ चाचपा आणि त्या पातळीपर्यंत पाठीच्या कण्यावरून मोजा. एकट्याने जमत नाही, कुणाला तरी हाक मारा.

३. दुकानात हार्नेस आणि हेल्मेट घेऊन जा

लोक बघतील, बघू देत. सॅकमध्ये १२-१५ किलो भरून मागा. दुकानात रोप असतातच, तेच कोंबा. मग हार्नेस (रोप बांधायचा कमर-मांड्यांचा पट्टा) घालून त्यावर सॅकचा कमरपट्टा बांधा. ट्रेकिंगच्या सॅकचा जाड, गुबगुबीत पट्टा हार्नेसच्या गियर लूप (साधनं अडकवायच्या कड्या) झाकून टाकतो, आणि आइस स्क्रू (बर्फात पिळून बसवायचा खिळा) काढायला हात गेला की हाती लागतो फोम. पट्टा पातळ हवा किंवा सुटा होणारा हवा.

नंतर हेल्मेट घालून छताकडे बघा. ही परीक्षा मी केली नव्हती. पहिल्याच चढाईत वर रोप सांभाळणाऱ्या जोडीदाराकडे बघायला मान उचलली की सॅकचं टोपण हेल्मेटला मागून ढकलायचं आणि हेल्मेट थेट डोळ्यांवर यायचं. दिवसभर मी फक्त स्वतःचे बूट बघत चढलो.

जाड हातमोजे घालून बकलं लावा, काढा. दोन्ही हात वर करा, गुडघा छातीकडे आणा. सॅक एका बाजूला झुलत असेल तर ती तिथेच ठेवून या.

४. बाहेरून काय बघायचं

दोन आइस अॅक्सची सोय, दोन्ही कडांना आवळायचे पट्टे आणि टोपणाखाली रोप अडकवायचा पट्टा. तोंडाशी कापडाची लांब बाही असली की पहिल्या दिवशीचं जादा सामान त्यात मावतं. पाठीचा फोम काढता आला तर रात्री पायांखाली घालता येतो, हे फार कामाचं. रिकाम्या सॅकचं वजन किलो ते दीड किलो असावं. त्याहून हलक्या सॅक मिळतात, पण खडकावर घासून आणि क्रॅम्पॉनच्या दातांनी पातळ कापड लवकर फाटतं. मी २१० डेनियरच्या (धाग्याच्या जाडीचं माप) खाली जात नाही.

रेनकव्हर नको. वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि अॅक्स काढताना तेच आडवं येतं. पावसाळी ट्रेकला आपण सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालतो ना, तेच इथेही करा.

५. घ्यायच्या आधी परतीची मुदत विचारा

मुदतीत सॅकला माती लागू द्यायची नसेल तर इमारतीचे जिने आहेत. तासभर चढ-उतार केला की पट्टा कुठे काचतो ते कळतं. सॅक पक्की झाली की पुणेकरांना सिंहगड आहेच. वजनासाठी मात्र तांदूळ भरू नका, पाण्याच्या बाटल्या भरा. वर पोहोचल्यावर पाणी एखाद्या झाडाला घाला आणि रिकाम्या बाटल्या घेऊन उतरा, गुडघे वाचतात.